साठावी चड्डी

आमच्या मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. बुडं राहत. रस्त्यात कुणी "शालोम" म्हणून हात केला की ते डोळे बारीक करून बघत, आणि तो माणूस पुढे जाऊन पाठमोरा झाला की मला हळूच सांगत, "हां, हा तो साडेअकरा. उजवीकडे जास्त बसतो." साडेअकरा म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर. माणूस बसला की त्याची जी दोन हाडं खाली टेकतात ना, त्यांच्यामधलं अंतर. इस्राएलातल्या किर्यात मलाखीएवढ्याशा गावात, जिथे भाजी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात, तिथे आपलं हे असलं माप एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कायमचं बसलंय हे ठाऊक असूनसुद्धा लोक त्यांना वाट द्यायचे. हसायचे, पण वाट द्यायचे.

मी त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं काम केलं. आधी दहा वर्षं पोहण्याचे कपडे शिवणाऱ्या फॅक्टरीत. तिथे ते आमच्या लाइनचे मास्तर होते आणि मी मशीनवर. मग ती फॅक्टरी बंद पडली, काम सरहद्दीपलीकडे गेलं, आम्ही बायका घरी बसलो. तेव्हा मास्तरांनी आमच्या बिल्डिंगच्या मिकलातमध्ये, म्हणजे बॉम्ब पडायला लागले तर लपायचं ते तळघर, तिथे दोन मशिनी लावल्या आणि मला निरोप धाडला. निरोप काय, तर "बाय, तुझी कात्री घेऊन ये, माझी कुणाला देत नाही मी."

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटची. मी तेव्हा बत्तीसची, दोन पोरांची आई. मुंबईहून आईबापाबरोबर आले तेव्हा नऊ वर्षांची होते, त्यामुळे माझी मराठी नऊ वर्षांच्या पोरीचीच राहिली असती. ती वाढली मास्तरांमुळे. माझी पोरं माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देतात, पण मास्तरांच्या खोलीत हिब्रू फक्त गिऱ्हाइकाशी. आमच्याबरोबर फॅक्टरीतलीच आणखी एक बाई होती, आणि एक रशियाहून आलेली, तीसुद्धा महिन्याभरात "उसव", "पुन्हा शिव" आणि "देवा रे" एवढं मराठी शिकली. मास्तरांच्या हाताखाली तेवढं पुरायचं.

दिसायला कसे होते सांगते. बारीक, ताठ, कोकणातल्या माणसासारखे काटक. दक्षिणेतल्या त्या उन्हात, जिथे बँकेचा मॅनेजरसुद्धा सँडल घालून फिरतो, तिथे हे पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि वर वेस्टकोट. वेस्टकोटाच्या खिशात टीप उसवायची छोटी सुरी, दुसऱ्या खिशात खडू. मुंबईत बाराव्या वर्षापासून त्यांनी वीस वर्षं सुटाचे कोट शिवले होते. कोणी म्हटलं, "मास्तर, इथे कोट कोण घालतंय?" तर म्हणायचे, "मी घालतोय ना!"

त्या कोटांचा त्यांना एक अभिमान होता, आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. आमच्या तोरात, म्हणजे धर्मग्रंथात, लिहिलंय की लोकर आणि लिनन एकाच कपड्यात एकत्र आणून अंगावर घालायचं नाही. याला शातनेज म्हणतात. का, ते कुणी विचारू नये, आहे ते आहे. आता लोकरीच्या कोटाची छाती ताठ राहावी म्हणून आत जे कॅनव्हास घालतात ते पुष्कळदा लिननचं असतं. मुंबईतल्या शेठला काय त्याचं! पण मास्तर गिऱ्हाइकाचं नाव ऐकायचे, आमच्यातला असला की लिननचं कॅनव्हास काढून सुती घालायचे. गिऱ्हाइकाला सांगायचेही नाहीत. "वीस वर्षांत माझ्या हातून एका यहुद्याच्या अंगावर शातनेज गेला नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. फॅक्टरीत आम्ही ते त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

आणि याच्या पोटात एक जुना काटा होता. मास्तर तरुणपणी इथे आले तेव्हा लग्नाची नोंद करायला गेले. ऑफिसातल्या माणसानं त्यांना आणि त्यांच्या होणाऱ्या बायकोला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानातले, खरे यहुदी कशावरून? आजी-पणजीपर्यंतचा पुरावा आणा. आता कोकणातल्या खेड्यात तेलाचा घाणा चालवणाऱ्या पणजीचा पुरावा कुठून आणणार? ती शब्बाथ पाळायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून सारा गाव आम्हा बेने इस्राएल लोकांना शनिवार तेली म्हणायचा, हाच पुरावा! पुढे ते प्रकरण मिटलं, लग्न झालं, संसार झाला. पण मास्तर ते विसरले नाहीत. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "माझ्या बायकोला खाली मान घालून उभं केलं रे त्यांनी!"

तर असला हा कोटवाला माणूस सायकलच्या चड्डीकडे कसा वळला? डॉक्टरमुळे. साखर वाढली, आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायकल चालवा. मास्तरांनी सेकंडहँड सायकल घेतली, टाय लावून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर गेले आणि परत आले ते सायकल हातात धरून, पाय फाकवून. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसता येईना. "शिंप्याचं दुकान म्हणजे त्याचं बूड," म्हणाले, "तेच बंद पडलं तर खायचं काय?" मग दुकानातून एक परदेशी चड्डी आणली, गादीवाली, चांगली महागातली. घातली, दोन दिवस वापरली, तिसऱ्या दिवशी टेबलावर ठेवून पापलेट चिरावं तशी चिरली. मला बोलावलं. "बघ बाय, बघ! गादी एवढी जाड, आणि नेमकी मधोमध शिवण! जिथे माणूस बसतो तिथेच हा गाढव टीप मारून बसलाय!"

तिथून वेड लागलं ते लागलंच.

मिकलातमध्ये आरसा नव्हता. गिऱ्हाईक यायचं, चड्डी चढवायचं, आणि सवयीनं इकडेतिकडे बघायचं. मास्तर म्हणायचे, "आरसा कशाला? मागचं तुला दिसणार आहे?" त्याऐवजी खोलीच्या मधोमध लाकडी घोडीवर एक सायकल पक्की बसवलेली होती. तिच्यावर वाकून, पायडल मारत अर्धा तास काढायचा. त्याआधी चड्डी मिळायची नाही. कितीही घाई असो. "कपडा उभ्यानं पसंत करायचा नाही. ज्या अवस्थेत वापरायचा त्याच अवस्थेत पसंत करायचा," हा त्यांचा पहिला कायदा. उभं असताना छान बसलेली चड्डी वाकलं की मांडीत चिमटा काढते, हे खरंच आहे.

माप घ्यायची पद्धत तर विचारूच नका. भाकरीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ एका परातीत दोन बोटं जाड पसरायचं, वर पातळ कापड, आणि गिऱ्हाइकानं पडद्याआड त्यावर बसायचं. मास्तर पडद्याकडे पाठ करून उभे. माणूस उठून गेला की परातीजवळ येऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, पिठातल्या दोन खळग्यांमधलं अंतर टेपनं मोजायचे. बायका आल्या तर मी परात धरायची. पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की पीठ सांडलं. मास्तर हसले नाहीत. "तोंडानं माणूस वाटेल ते सांगतो, चौतीस कंबर, छत्तीस कंबर. हे पीठ खोटं सांगत नाही."

गादीवर अंगठा दाबायचे. अंगठा आत गेला आणि खळगा तसाच राहिला तर गादी रद्द. "ही उशी आहे, चड्डी नव्हे." जाड गादीला लोक भुलतात, पण ती अर्ध्या तासात गोळा होते आणि मग घासते. पातळ हवी, घट्ट हवी, कडेला उतरत गेलेली हवी, आणि मध्ये शिवण नको. मांडीवरच्या पट्टीचा वळ उठता कामा नये. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट, जी पुरुष गिऱ्हाइकाला सांगताना हा वीस वर्षं कोट शिवलेला सभ्य माणूस लालबुंद व्हायचा: आत दुसरं काही घालायचं नाही. हे ते हिब्रूत सांगूच शकत नसत. एक पुठ्ठा लिहून ठेवला होता, तो दाखवायचे आणि छताकडे बघत उभे राहायचे.

गादीसाठी त्यांनी काय काय केलं! स्पंज घातला, उन्हात भिजून जड झाला. टॉवेलचं कापड घातलं, घामानं कडक झालं. शेवटी यरुशलेमला काळ्या हॅटा बनवणारा एक कारखाना होता, तिथून लोकरीच्या फेल्टाचे उरलेसुरले तुकडे आणले. तीनदा धुऊन, आटवून, ठोकून मऊ केले, वर सुती कापड. काय सांगू, लोणी! घाम शोषून घ्यायचं, गोळा व्हायचं नाही. आम्ही म्हणायचो, मास्तर, धार्मिक लोकांच्या डोक्यावरची वस्तू तुम्ही कुठे नेऊन ठेवलीत! तेव्हा मात्र ते हसले होते. गादीच्या कडेला दोरा मात्र तुटता कामा नये, तिथेच सगळा जोर येतो. तो दोरा त्यांना बंद पडलेल्या एका बुटांच्या कारखान्यातून मिळाला, मेण लावलेला, एवढा मोठा कोन. पोलादासारखा. "फर्स्टक्लास," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडी फर्स्टक्लास म्हणजे त्याच्यावर काही नाही.

मग साडेचौदा आला. त्याचं नाव मलाही आता आठवत नाही, मास्तरांचा गुण लागला म्हणा. जवळच्या मोशावातला, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीतला, दांडगा गडी, टर्की पाळायचा. आधी ट्रक चालवायचा, तेव्हा फॅक्टरीत कापड आणून टाकायचा आणि आम्हा हॉदीमवर, म्हणजे हिंदुस्थानी लोकांवर, मसाल्याचे आणि सापगारुड्यांचे विनोद करायचा. त्यानं एक सायकलवाल्यांचा गट जमवला होता, साठ जणांचा. ऑगस्टच्या शेवटी एका शुक्रवारी सगळे मिळून आमच्या गावातून यरुशलेमला जाणार होते. डोंगर चढून. त्यानं अर्धा तास घोडीवर बसून काढला, उतरला, आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, साठ शिव."

साठ! आम्ही तिघी बायका आणि मास्तर. महिनाभर घराकडे बघितलं नाही. एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर, पाच फळं, प्रसाद वाटला आणि कामाला लागलो. साठच्या साठ माणसं परातीत बसून गेली. हे पार पडलं तर मोशावांतल्या सगळ्या सायकलवाल्यांचं काम आपलं, हे मास्तर बोलले नव्हते, पण आम्हा तिघींना कळत होतं. नाही तर पुन्हा घरी.

एका शुक्रवारी दुपारी, मोहिमेच्या बरोबर आठवडाभर आधी, साठावी चड्डी पुरी झाली. मास्तर शब्बाथची आंघोळ करायला वर गेले होते. तेवढ्यात साडेचौदा आला. म्हणाला, माझी दे, आठवडाभर वापरून सरावाची करतो. मी दिली. बाकीच्या गुरुवारी संध्याकाळी न्यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शब्बाथ. आम्ही बायका सिनेगॉगमध्ये वरच्या गॅलरीत. मास्तर खाली तिसऱ्या बाकावर, वेस्टकोट घालून. आणि पँटच्या आत, हे मला ठाऊक होतं, नमुन्याची चड्डी. अडीच तास लाकडी बाकावर बसायचं, म्हणजे फुकटची टेस्ट, असं ते म्हणायचे. तोरा वाचत होते. त्या शनिवारचा भाग आला, त्यात ती ओळ येते, लोकर आणि लिनन एकत्र घालू नये ती. दरवर्षी याच सुमाराला येते. मास्तरांनी साठ वर्षं ऐकली असेल.

मी वरून बघत होते. मास्तरांनी मान वर केली. मग हळूहळू उभे राहिले. वाचन चालू असताना कोणी उठत नाही, आणि मास्तर तर नाहीच नाही. सगळे बघायला लागले. ते ताठ चालत बाहेर गेले.

आणि मला कळलं. देवा! बुटांचा दोरा. बुटांचा दोरा लिननचा असतो.

लोकरीची गादी, कडेला लिननचा दोरा. वीस वर्षं ज्यांनी कोटातलं कॅनव्हास तपासलं, त्या माणसानं साठ चड्ड्यांत शातनेज शिवला होता. चड्डीत लोकर असते असं कुणाच्या मनात येतं? शातनेज म्हणजे कोट, एवढंच डोक्यात! पाच मिनिटांनी मास्तर परत आले आणि आपल्या जागेवर बसले. बाकावर टेकताना त्यांनी तोंड वाकडं केलं ते मी वरून बघितलं. चड्डी उतरवून आले होते. शातनेज अंगावर आहे हे कळलं की तिथल्या तिथे उतरवायचा असतो, भर रस्त्यात असलात तरी.

रविवारी सकाळी मी खाली गेले तर मास्तर त्या गठ्ठ्यांसमोर बसलेले. टाय नव्हता. मी त्यांना टायशिवाय पहिल्यांदा बघत होते.

"सगळ्या उसवायच्या," म्हणाले. "सुती दोरा, तिपदरी. गुरुवारपर्यंत."

मी वाद घातला. माझा स्वभावच तो. म्हटलं, "मास्तर, आतला दोरा कोण बघतोय? या साठातले अर्धे शब्बाथला मोटारी हाकतात. डुक्कर खाणारेही असतील!"

"ते त्यांचं. शिवलंय मी."

"आणि कुणाला कळलं तर? म्हणतील, बघा, हॉदीमना काय ठाऊक धर्म!"

 हेच तर मास्तरांना सलत होतं, मला दिसत होतं. हळू आवाजात म्हणाले, "कळायचं कारण काय? सगळ्या इथेच आहेत. आपण उसवू, शिवू, देऊ. देवाला कळेल, तेवढं पुरे."

सगळ्या इथेच आहेत!  एक इथे नव्हती. ती त्या दांडग्याच्या अंगावर होती. ती परत मागायची म्हणजे त्याला कारण सांगायचं, आणि तो तर ते अख्ख्या गावभर ट्रकच्या भोंग्यासारखं वाजवत फिरणार. एकोणसाठ गुपचूप बदलता येत होत्या. साठावीसाठी मास्तरांना त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली असती. मी ठरवलं, नाही सांगायचं. माझ्या माथी ते पाप. देव काय एक दोरा मोजत बसलाय?

चार दिवस आम्ही उसवलं. मेणाचा तो दोरा, पोलादासारखा म्हणाले ना मी, उसवताना आमच्या बोटांची सालं निघाली. रशियन बाईला मी कारण समजावून सांगायला गेले, तिला शातनेज हा शब्दच ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "मास्तर सांगतो? उसव." आणि मान खाली घालून कामाला लागली. प्रत्येक चड्डी पुरी झाली की मास्तरांकडे जायची, ते दिव्याच्या उजेडात धरून कडेनं बोट फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी विचारलं, "बाय, किती झाल्या?"

मी म्हटलं, "साठ."

"साठ?"

"साठ, मास्तर."

"बरं," म्हणाले. संध्याकाळी माणसं येऊन आपापली नेऊन गेली. मी घरी जाऊन निवांत जेवले. खरंच सांगते, मला वाटलं मी त्यांची अब्रू वाचवली.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला सगळे बस स्टँडसमोरच्या पटांगणात जमले. आम्ही तिघी बघायला गेलो, आपल्या हातचं काम जाताना कोण बघणार नाही? साठ माणसं, साठ सायकली, आणि सगळ्यांच्या अंगावर आमच्या काळ्या चड्ड्या. ऊर भरून आला माझा. आणि मग मास्तर आले. टाय, वेस्टकोट, सगळं जागच्या जागी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गर्दीत घुसले, प्रत्येकाच्या मागून बघत बघत गेले आणि साडेचौदापाशी थांबले. तो सायकलवर एक पाय टाकून लोकांना सूचना देत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक चड्डी त्यांच्या हातून गेली होती. साडेचौदाची गेली नव्हती. गुरुवारी दुपारी मी साठ म्हटलं, तेव्हाच त्यांना ठाऊक होतं.

"ही उतरव," मास्तर म्हणाले. "मला दुरुस्त करायची आहे."

तो हसला. "म्हाताऱ्या, आता? ही फर्स्टक्लास आहे! यरुशलेमहून आलो की देतो."

"आत शातनेज आहे. आत्ता उतरवायची. रस्त्यात असलास तरी."

आजूबाजूचे वळले. कोणीतरी फिसकन हसलं. साडेचौदानं मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तिथे? तिथे कोण बघणार आहे, मास्तर?"

पटांगणभर हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तर हसू संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी आवाज चढवला. त्यांच्या त्या मुंबईच्या हिब्रूत, एकेक शब्द मोजून.

"मी शिंपी आहे. मी भारतातून आलो, बेने इस्राएल. हा कपडा मी चुकीचा शिवला. लोकरीत लिननचा दोरा घातला. बाकीचे एकोणसाठ मी पुन्हा शिवले, हा एक राहिला. माझ्या आजीला शातनेज ठाऊक होता. तिच्या आजीला ठाऊक होता. मलाही ठाऊक होता. मी विसरलो. तेव्हा हॉदीम विसरले असं म्हणू नका. मी विसरलो म्हणा."

कोणी हसलं नाही. उजाडत होतं, लांबून एक बस सुरू झाल्याचा आवाज येत होता. साडेचौदानं सायकल बाजूच्या माणसाच्या हातात दिली.  कुणाच्या तरी पिशवीतला टॉवेल ओढून घेतला आणि निलगिरीच्या झाडांमागे गेला. तिथून त्यानं चड्डी फेकली, ती मास्तरांनी झेलली.

मास्तर पटांगणाच्या कडेला दगडी कठड्यावर बसले. खिशातली सुरी काढली आणि मेणाचा दोरा उसवायला लागले. साठ माणसं उभी. मला वाटलं होतं, कटकट करतील, ऊन चढेल, उशीर होईल. दोघांतिघांनी घड्याळं बघितली, बाकीचे सायकली आडव्या टाकून खाली बसले. झाडामागून टॉवेल गुंडाळलेला साडेचौदा डोकावून म्हणाला, "मास्तर, घाई नको, नीट शिव. डोंगर मलाच चढायचाय." लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं.

उसवून झाल्यावर मास्तरांनी सुई आणि सुती दोरा काढून माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरला. त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे, ते काम नेहमी माझं. तिसऱ्या वेळी ओवला गेला. त्यांनी हातानं टीप घातली, उलटी टीप, एकेक टाका गव्हाच्या दाण्याएवढा. मी सोळा वर्षं त्यांचं शिवण बघितलं, पण त्या दिवशीच्या शिवणासारखं कधी बघितलं नाही. पाऊण तास लागला. शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला, कडेनं बोट फिरवलं आणि चड्डी झाडाकडे पाठवून दिली.

साडेचौदा घालून आला, सायकलवर बसला, दोनदा हललाबिलला. मग मास्तरांसमोर येऊन म्हणाला, "आत्तापर्यंत माझ्या बुडाखालचा दोरा कुणी बघितला नव्हता." आणि उतरून त्यांचा हात हातात घेतला. विनोद नाही, काही नाही. मग ओरडला, "यल्ला!" आणि निघाले. साठच्या साठ निघाले, रस्त्याला लागले, वळणापलीकडे गेले. मी तिथे उभी होते, त्या माणसाच्या शेजारी, आणि मला इतका अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही. आजही वाटतो. माझ्या लग्नात नव्हता वाटला एवढा!

मास्तरांनी सुई वेस्टकोटाच्या कॉलरला टोचली, सुरी खिशात टाकली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बाय, काल किती म्हणालीस?"

 "साठ," म्हटलं कसंबसं, आणि रडायला लागले, भर रस्त्यात, त्या रशियन बाईसमोर.

"हां," मास्तर म्हणाले, "आता झाल्या साठ." आणि टाय सारखा करून मिकलातकडे चालायला लागले.